काय घेतली ते सांगा

दाजी, तुमच्या शोकसभेत लोक पोट धरून हसले.

तुम्हाला ते आवडलं असतं. कोर्टातली वकील मंडळी होती, बंदरावरची माणसं होती, देवगडपासून मसुऱ्यापर्यंतचे तुमचे पक्षकार होते. खुर्च्या पुरल्या नाहीत. टेम्पोखाली पाय गेलेला पावलू पहिल्या रांगेत कुबडी मांडीवर घेऊन बसला होता आणि भाषणं सुरू व्हायच्या आधीच डोळे पुसत होता. तुमच्या बरोबरीचे एक वकील उठले आणि त्यांनी तो किस्सा सांगितला. दाजी आपल्या पक्षकाराला साक्षीला उभं करण्याआधी कसे कोपऱ्यात घेत, "सकाळी घेतलंस?" असं कसं विचारत, आणि तो बिचारा "होय" म्हणाला की डोक्यात टपली मारून "मेल्या, काय घेतलंस तां सांग! पेज म्हण, पेज!" असं कसं ओरडत. सगळे हसले. पावलू तर रडता रडता हसला.

मग कोणीतरी म्हणालं, "आता दाजींच्या ऑफिसातल्या सुलभाताई दोन शब्द बोलतील." मी उठले, माइकपर्यंत गेले, तिथे ठेवलेलं पाणी प्यायले आणि परत जागेवर येऊन बसले. लोकांना वाटलं, दुःखाने बोलवेना. शेजारच्या बाईने माझ्या पाठीवरून हात फिरवला. दुःख कसलं, दाजी, मला राग आला होता. इतका राग मला जन्मात कोणाचा आला नव्हता. आदल्या दिवशी मी तुमच्या टेबलाचा खालचा खण उघडला होता.

तिथे बोलायचं राहिलं ते इथे बोलते. तुम्हीच शिकवलंत, मनात ठेवायचं नाही, गाऱ्हाणं घालायचं.

ज्या किश्शावर सभा हसली, तो कुठून सुरू झाला हे त्या खोलीत एका माणसालाही ठाऊक नव्हतं. तुम्हाला ठाऊक होतं, मला होतं आणि आईला होतं. तुम्ही दोघं गेलात. उरले मी.

माझे बाबा सायकलवरून मासे विकायचे. बंदरावर लिलावात टोपली घ्यायची आणि धामापूरच्या बाजूला आतल्या वाड्यांवर नेऊन विकायची. एका सकाळी चिऱ्यांच्या ट्रकने त्यांना वळणावर मागून उडवलं. बांगडे रस्ताभर झाले. बाबा चार दिवस हॉस्पिटलात होते, चौथ्या दिवशी गेले. मी तेव्हा बारावी होऊन टायपिंगच्या क्लासला जात होते. हॉस्पिटलाच्या दारातच कुठल्या तरी वकिलांची दोन माणसं आईच्या अंगठ्यासाठी कोरं वकीलपत्र आणि शाईचं पॅड घेऊन उभी होती. बाबा आत अजून श्वास घेत होते.

तुम्ही आलात ते बाबा गेल्यावर तिसऱ्या दिवशी. खुर्ची दिली तर बसला नाहीत, जमिनीवर बसलात. केस हा शब्द काढला नाहीत. बाबा कुठल्या वाडीवर काय भावाने मासे द्यायचे, कोणाला उरलेले फुकट देऊन यायचे, एवढंच विचारत होतात. निघताना आईला म्हणालात, "वयनी, सुतकात अंगठो घेवचो नाय. बारावां होवंदे. मगे माझ्याकडे येवन गाऱ्हाणां घाला." आईने त्या दिवशी बाबा गेल्यानंतर पहिल्यांदा दोन घास खाल्ले. हे मी विसरले नाही. रागातसुद्धा विसरत नाही, हीच तर माझी पंचाईत आहे.

बारावं झाल्यावर आम्ही तुमच्या ऑफिसात आलो. आई शाळेतल्या बाईंसारखं बोलायला लागली, "माझे मिस्टर सकाळी घरून निघाले..." तुम्ही हात वर केलात. "वयनी, ह्यां मराठी थय कोर्टात बोलूक होयाच आसा. हयसर देवळात घालतास तसां घाला." मग आईने घातलं. उभी राहून, पदर खांद्यावर घेऊन, सगळं. ती थांबल्यावर तुम्ही टेबलामागून मोठ्याने म्हणालात, "व्हय म्हाराजा!" देवळात गाऱ्हाणं संपलं की मागे उभा असलेला सगळा गाव म्हणतो तसं. आई रडत होती, ती फिसकन हसली. तुमच्या ऑफिसात येणारा प्रत्येक माणूस असा आधी रडला आणि मग हसला. हात मोडलेला, नवरा गेलेला, पोर गेलेली. लोक तुमच्याकडे नुसते दाव्यासाठी येत नव्हते, हे मला पुढे तिथे बसून कळलं.

आता तो दिवस. न्यायाधीश साहेब घाटावरून नुकतेच बदलून आले होते, मालवणी त्यांच्या कानाला नवीन होती. आई साक्षीला उभी राहिली. समोरच्या विमा कंपनीच्या वकिलाने अगदी गोड आवाजात विचारलं, "त्या सकाळी घरातून निघताना तुमच्या पतींनी घेतली होती का?"

आई म्हणाली, "होय, घेतल्यानी. मियाच दिलंय."

"रोज घ्यायचे?"

"रोज. घेतल्याशिवाय भायर पडणत नाय."

कोर्टात खसखस पिकली. मी मागच्या बाकावर होते. मलाही काही खटकलं नाही, दाजी. आमच्या घरात सकाळी घ्यायची ती एकच गोष्ट, पेज. घेतलंस? घेतलंय. दिवसाची सुरुवात या दोन शब्दांनी व्हायची. मला वाटलं, लोक आईच्या मालवणीला हसले. बाबा प्यायचेच नाहीत असं मी म्हणणार नाही, शिमग्याला चारचौघांबरोबर बसायचे. पण सायकलवर टोपली बांधायच्या आधी? मासे विकणाऱ्याच्या तोंडाला वास आला तर वाडीवरच्या बायका उंबऱ्यावर उभं करत नाहीत.

साहेबांनी तुमच्याकडे बघितलं, आईला तुम्हाला आणखी काही विचारायचं आहे का म्हणून. "फेरतपासणी?"

तुम्ही अर्धे उठलात. हे मला आजही डोळ्यांपुढे दिसतं. हात टेबलावर टेकलेला, कोटाची एक बाजू वर सरकलेली. मग तुम्ही बसलात. "नाही," म्हणालात. बाहेर आल्यावर आईने विचारलं, "बरां सांगितलंय मां?" आणि तुम्ही म्हणालात, "झकास सांगितलास, वयनी." तुमचं पहिलं खोटं ते.

निकाल तुम्ही स्वतः आमच्या घरी येऊन वाचून दाखवलात. मयताच्या पत्नीनेच कबूल केले आहे की मयत रोज मद्यपान करून घराबाहेर पडत असे. म्हणून अपघाताला मयतही तितकाच जबाबदार. आईला मद्यपान शब्द कळला नाही. तिने माझ्याकडे बघितलं.

"सोरो," मी म्हटलं.

"कोणी सांगितल्यान तेंका?"

"तूच सांगितलंस, आये."

"मिया पेज म्हटलंय."

"तू पेज म्हटलंसच नाय."

भरपाई निम्मी झाली ते तिने ऐकलंसुद्धा नसेल. ती एवढंच म्हणाली की आपल्याच तोंडाने आपण माणसाला दारुडा केलं. पुढे ती बाबांची टोपली घेऊन बंदरावर मासे विकायला बसू लागली. तिथे जागेवरून एका बाईशी तंटा झाला. बंदरावर तंटे रोजचेच, दुपारी त्याच बायका एकमेकींना पान देतात. पण ती बाई म्हणाली, "तुझो घोव सोरो पिवन मेलो. मिया नाय, कोर्टानच लिवल्यान." आईने टोपली उचलली आणि मासे तसेच घेऊन घरी आली. भरल्या टोपलीने ती त्याआधी कधी परत आली नव्हती.

संध्याकाळी ती तुमच्याकडे आली, मला बरोबर घेऊन. पैशांची गोष्ट काढली नाही. "वकीलानू, तां लिवलेला पुसून काढा," एवढंच म्हणाली. तुम्ही म्हणालात, मुंबईला अपील करू. तुमची टाइप करणारी मुलगी लग्न होऊन गेली होती. "चेडवा, तुका टायपिंग येता मां? बस." मी बसले. तुम्ही खिडकीकडे तोंड करून सांगत गेलात. कारण पहिले, कारण दुसरे. आणि मग: "कारण तिसरे. अर्जदाराने 'घेतली' हा शब्द पेजेबद्दल वापरला होता. हे अर्जदाराच्या वकिलांना त्याच वेळी कळले होते. एक प्रश्न विचारून खुलासा करणे हे त्यांचे काम होते. ते त्यांनी केले नाही."

माझी बोटं थांबली. "दाजी, असां लिवचां?"

"लिव, चेडवा. चूक माझी आसा तर माझ्या नावार पडांदे."

त्या एका वाक्यासाठी मी तुमच्याकडे नऊ वर्षं काम केलं. जिल्हा परिषदेतली नोकरी चालून आली, नको म्हटलं. मावशीने रत्नागिरीचं स्थळ आणलं, तेही मोडलं, अर्थात ते काही तुमच्यापायी नव्हे, मुलगाच बावळट होता. पण मनात असायचं की आपण अशा माणसाच्या हाताखाली आहोत जो आपली चूक स्वतःच्या तोंडाने कागदावर घालतो. असा माणूस मी दुसरा पाहिला नव्हता. आईने अपिलाच्या शेवटी अंगठा केला. तुम्ही कागद पाकिटात घातलात. माझ्यासमोर घातलात.

तुम्ही का उठला नाहीत, हे मी तुम्हाला एकदा विचारलं होतं. कामाला लागून वर्ष झालं असेल. तुम्ही म्हणालात, साहेब घड्याळाकडे बघत होते. मी म्हटलं, एक प्रश्न विचारायला किती वेळ लागतो? "पेज की दारू?" तीन शब्द. तुम्ही चष्मा पुसत बसलात. पुढे म्हणालात, "कधी कधी माणूस अर्धो उठता गो. पुरो उठूक होत नाय." तेव्हा मला ते उत्तर फार मोठं वाटलं होतं. आता वाटतं, ते उत्तरच नव्हतं.

आपलं दुसरं भांडण भाषेचं. लोक मालवणीत गाऱ्हाणं घालायचे, मी त्याचं कोर्टाचं मराठी करायचे. पावलूचं गाऱ्हाणं होतं, "माझो पाय माका अजून दुखता, पण तो खंय आसा तां माका ठावक नाय." तुम्ही त्याचं केलंत, अर्जदारास कायमचे अपंगत्व आले. मी भांडले. म्हटलं, त्याचं वाक्य तसंच घालू. तुम्ही म्हणालात, कोर्टाला वाक्य नको, बाब हवी. मी म्हटलं, माझ्या आईच्या शब्दाची तुम्ही लोकांनी बाब केलीत म्हणून तर हे झालं. त्या दिवशी तुम्ही जेवायला घरी गेला नाहीत. मी पण डबा उघडला नाही. संध्याकाळी तुम्हीच खाजं आणून टेबलावर ठेवलंत आणि आपण दोघांनी न बोलता संपवलं. ते भांडण मिटलं नाही, नुसतं मागे पडलं.

मग ती पाटी. पुठ्ठ्यावर जाड पेनाने तुम्ही लिहिलंत, "काय घेतली ते सांगा," आणि दाराच्या आतल्या बाजूला टांगलंत, साक्षीला जाणाऱ्याला निघता निघता दिसेल अशी. प्रत्येकाची तुम्ही तालीम घ्यायचात. हळूहळू तो तुमचा किस्सा झाला. लग्नात, पूजेला, कुठेही कोणी भेटलं की विचारायचं, "काय घेतलंस तां सांग रे!" आणि हसायचं. मी हसायचे नाही, पण मला अभिमान होता. वाटायचं, दाजी आपली चूक विसरले नाहीत, रोज दारावर टांगून ठेवतात. पुन्हा कुठल्या बाईच्या तोंडून असा शब्द सुटू नये म्हणून जपतात. आणि खरंच जपलंत. त्या नऊ वर्षांत तुमचा एकही माणूस "घेतली" म्हणून नुसता थांबला नाही. आज मला वाटतं, ती पाटी लावायला तुम्हाला सोपं गेलं, कारण पाटीवर कोणाचं नाव नव्हतं.

आई दर चतुर्थीला तुमच्याकडे करंज्या घेऊन यायची आणि निघताना विचारायची, "पुसल्यानी काय?" तुम्ही म्हणायचात, "मुंबयची गजाल ती, वयनी. वेळ लागतलो." कधी सांगायचात, काल एसटीडीवरून तिथल्या वकिलाला फोन लावला होता. पुढे ऑफिसात कॉम्प्युटर आला, कोर्टाच्या तारखा घरबसल्या दिसू लागल्या. मी म्हटलं, अपिलाचा नंबर द्या, बघते. "दितंय," म्हणालात. पुन्हा विचारलं, पुन्हा "दितंय". तुमच्या ऑफिसातली प्रत्येक फाईल मी लावलेली. एकच फाईल मला कधी दिसली नाही, ती मुंबईच्या वकिलाकडे आहे असं तुम्ही सांगितलंत आणि मी मान डोलावली. दुसऱ्या कोणी हे केलं असतं तर दोन महिन्यांत मी त्याला पकडला असता. कागदावरून माणूस ओळखायला मला तुम्हीच शिकवलं होतं ना!

यंदाच्या श्रावणात आई आजारी पडली ती उठलीच नाही. तुम्ही आलात. तुमचीही तब्येत तेव्हा बरी नव्हती, जिना चढताना दोनदा थांबलात. आईच्या उशाशी बसलात. तिला बोलायला त्रास होत होता, तरी तिने विचारलंच. "वकीलानू, पुसल्यानी?"

तुम्ही तिचा हात हातात घेतलात. "पुसल्यानी, वयनी. सगळां पुसल्यानी."

"कागद?"

"नक्कल येता. मगे सुलू वाचून दाखयतली."

आईने डोळे मिटले. तिचा चेहरा असा मऊ झालेला मी दहा वर्षांत पाहिला नव्हता. तिसऱ्या दिवशी ती गेली. मी दारात तुमच्या पाया पडले, दाजी. तुम्ही मला उठवलंत आणि तुमच्या डोळ्यांत पाणी होतं. ते पाणी कसलं होतं, हे मी आता कोणाला विचारू?

मग दिवाळीनंतर तुम्ही गेलात. झोपेत. तुमच्या घरी काकी म्हणाल्या, ह्यांचं ऑफिस आवरायला घे, लोकांचे कागद लोकांना देऊन टाक. मी नक्कल शोधत होते. तुमची चूक शोधायला मी तो खण उघडला नव्हता, आईला वाचून दाखवायची राहिलेली नक्कल शोधायला उघडला होता. मनात होतं की मिळाली की आईच्या फोटोसमोर वाचायची, आणि मग बंदरावर जाऊन त्या बाईसमोर वाचायची, सगळ्या टोपल्यांच्या मधे उभं राहून.

जुन्या पंचांगांच्या खाली ते पाकीट होतं. त्यात अपील होतं, सबंध. माझं पहिलं टायपिंग, खाडाखोड केलेलं. कोर्ट फीचे स्टॅम्प लावलेले. पिन गंजून कागदाला डाग पडलेला. शेवटच्या पानावर आईचा अंगठा, आणि त्या शाईत चिकटलेला माशाचा एक खवला. त्या दिवशी बंदरावरून घरी आल्यावर तिने हातही नीट धुतले नव्हते. पाकिटावर पत्ता लिहिलेला होता. तिकिटंही लावलेली होती, दाजी. फक्त टाकायचं राहिलं होतं. नऊ वर्षं.

मी कारण तिसरं वाचलं आणि मला सगळं कळलं. मला सांगताना तुम्ही पुरे उठला होतात. पाकीट टाकायची वेळ आली तेव्हा पुन्हा अर्धे उठून बसलात. मुंबईला जाईल, तिथला वकील वाचेल, न्यायाधीश वाचतील, निकालात तुमचं नाव येईल, तो निकाल परत आपल्या कोर्टात येईल, बाररूममध्ये चर्चा होईल. दाजी वकिलांनी पेजेची दारू होऊ दिली. एवढंच ना? एवढ्यासाठी माझ्या आईला नऊ वर्षं करंज्या घेऊन तुमच्या ऑफिसचा जिना चढायला लावलात?

मेलेल्याबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. माझ्या बाबांबद्दल लोक इतकी वर्षं काय बोलले मग? ते पण मेलेलेच होते.

आणि तरी मी तुम्हाला सरळ सोडूनही देऊ शकत नाही. दुसऱ्या कोणी फसवलं असतं तर थुंकून मोकळी झाले असते. तुम्ही सुतकात अंगठा घेतला नाहीत. पावलूला कोर्टात उचलून नेलंत, स्वतःच्या पाठीवर. मला कामाला लावलंत, चार लोकांत बोलायला शिकवलंत. आई सुखाने गेली ती तुमच्या खोट्यामुळे गेली, हे मला नाकारता येत नाही, आणि त्याचाच मला सगळ्यात जास्त संताप येतो. माझ्या आईचं समाधानसुद्धा तुम्ही बनावट केलंत. ती खरोखर सुखी झाली, आणि कागद मात्र खणात होता.

शोकसभेनंतर दोन दिवसांनी मी ते पाकीट घेऊन काकींकडे गेले. त्यांना मी सगळं सांगितलं, बसूनच, हळू आवाजात. त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं, हे त्यांच्या तोंडावरून दिसत होतं.

"काकी, ह्यां अजून घालूक येता," मी म्हटलं. "आये गेली, पण वारस म्हणान मिया सही करूक शकतंय. फक्त उशीर कित्याक झालो, तां प्रतिज्ञापत्रार लिवचां लागतलां."

"काय लिवतलंस?"

"जां झालां तां."

"तेंचां नाव घालून?"

"तेंचां नाव घालून."

काकींनी पाकीट उलटंसुलटं केलं. तुमच्या अक्षरातल्या पत्त्यावर त्यांचं बोट थांबलं. "तेंका जावन म्हयनो नाय झालो गो अजून," त्या म्हणाल्या. "लोक कालपर्यंत काय काय बरां बोलत होते तेंच्याबद्दल."

"माझ्या बापाशीक धा वर्सां झाली, काकी."

त्या उठून आत गेल्या. मी बाहेर बसून राहिले. पाकीट त्या आतच घेऊन गेल्या होत्या. मला वाटलं, झालं, आता पाकीट चुलीत. खरंच तसं वाटलं मला, खोटं का सांगू? भिंतीवर तुमचा हार घातलेला फोटो होता आणि मी मुद्दाम त्याच्याकडे बघत नव्हते. बऱ्याच वेळाने त्या आल्या. एका हातात पाकीट होतं, दुसऱ्या हातात वाडगा, वर खारातल्या आंब्याची फोड. पाकीट त्यांनी माझ्या मांडीवर ठेवलं.

"सकाळधरना तोंडात काय पडूक नसतलां तुझ्या," त्या म्हणाल्या. "पेज घी. मगे काय लिवचां तां लिव."

होय म्हणाल्या नाहीत, नको म्हणाल्या नाहीत. मी पेज प्यायले. त्या समोर बसून होत्या, वाडगा रिकामा होईपर्यंत. डोळ्यांतलं पाणी त्यांनी पुसलं नाही, मीही पुसलं नाही.

आज मी तुमच्याच टेबलावर बसून हे लिहिते आहे. तुमच्यानंतर ऑफिस कोण चालवणार ते ठरलेलं नाही, पण सकाळपासून दोन माणसं गाऱ्हाणं घालायला येऊन गेली. एका बाईचा नवरा अजून हॉस्पिटलात आहे. तिचं ऐकून घेतलं. सही घेतली नाही. नवरा बरा होऊन येऊ दे, मग बघू, म्हटलं. ती संपवून गप्प झाली तेव्हा "व्हय म्हाराजा" माझ्या तोंडून आपोआप गेलं, आणि ती हसली. तुमची सवय मला लागली आहे. त्याचा राग धरू की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

प्रतिज्ञापत्र टाइप करून झालं. लागलेला उशीर कोर्ट माफ करील की नाही, सांगता येत नाही. एवढा उशीर सहसा माफ करत नाहीत, हे तुमच्याकडेच शिकले. तरी घालणार. कारण तिसरं तुमच्याच शब्दांत ठेवलं आहे, त्यात काना-मात्रा बदललेली नाही. आईचं वाक्य मात्र या वेळी बाब न करता घातलं आहे, "घेतल्याशिवाय भायर पडणत नाय," जसंच्या तसं, आणि त्याचा अर्थ खाली. त्या भांडणात मी जिंकले असं समजा. तुम्ही उलट बोलायला नाही, म्हणून जिंकले. उशिराचं कारण माझ्या शब्दांत आहे. अपील तयार होते. अर्जदाराच्या वकिलांनी ते पाठवले नाही. पाठवले असे सांगत राहिले. पुढे तुमचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. ते टाइप करताना माझी बोटं थांबली. या वेळी "लिव, चेडवा" म्हणणारं कोणी नव्हतं. मग मीच म्हटलं.

चूक माझी आसा तर माझ्या नावार पडांदे, म्हणाला होतात. पडली, दाजी.

पाटी मी काढलेली नाही. "काय घेतली ते सांगा" याच्याखाली त्याच जाड पेनाने माझ्या बाबांचं नाव लिहिलं आहे. आता कोणी हसलं तर विचारील तरी, हे कोण म्हणून.

प्रतिज्ञापत्रावर सही करायला कोर्टात निघते आहे. सकाळी घेतली आहे. पेज.